सगुणाला कुणीतरी सांगा

माझ्या सासूबाईंना पुस्तक मनातल्या मनात वाचता येत नाही. ओठ हलतात, मग कुजबुज सुरू होते, आणि पान संपेपर्यंत आवाज स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत पोचलेला असतो. मी लग्न होऊन नांदेडहून उदगीरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दुपारी दचकून उठले. बाहेर कुणीतरी रडक्या आवाजात म्हणत होतं, "नाथ, मला टाकून जाऊ नका." धावत गेले तर आत्याबाई, म्हणजे सासूबाईच, खांबाला टेकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, एकट्याच बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "घाबरली का गं दामिनी? मी न्हाई, ही म्हणून राहिली." आणि पुस्तकावर बोट ठेवलं.

त्यांचं नाव सिद्धम्मा. शिक्षण सातवीपर्यंत. घरात कानडी-मराठी मिसळून बोलतात, चिडल्या की निव्वळ कानडी. गावातल्या वाचनालयाच्या त्या जुन्या सभासद, आणि त्यांना लागतात त्या जुन्याच कादंबऱ्या, शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या. नव्या पुस्तकांबद्दल त्यांचं मत असं की त्यात बाई खिडकीत बसून विचार करते आणि पुस्तक संपतं.

सासरे, वीरण्णा, यांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. पण घरातला खरा कारखाना आत्याबाईंचा. मागच्या बाजूला पत्र्याची एक लांबट खोली आहे. तिथे त्या पापड करून घेतात, उडदाचे. लातूरच्या दोन-तीन दुकानांची मागणी असते. दसरा झाला की दिवाळीपर्यंत ऊन कडक असतं. त्या दिवसांत गल्लीतल्या आणि जवळच्या खेड्यांतल्या सात-आठ बायका लाटायला येतात. आत्याबाई पीठ तिंबायच्या, लाट्या तोडायच्या, आणि लाटण्यातही कुणाला मागे सरू द्यायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, पापडांचे दिवस सुरू होता होताच, गच्चीच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी हात हलवू नका म्हणून सांगितलं. दोन दिवस त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि सगळ्यांच्या लाटण्यात खोट काढत राहिल्या. हिचा पापड जाड, तिचा वाकडा. तिसऱ्या दिवशी गुणाबाई वैतागली. गुणाबाई म्हणजे जवळच्या खेड्यातून येणारी, तोंडाची फटकळ, हाताची झपाट्याची बाई. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "अक्का, तोंडाला काहीतरी काम द्या बरं तुमच्या. ते पुस्तक वाचता ना घरात बसून? आम्हालाबी वाचून दावा."

असं ते सुरू झालं.

पुस्तकाचं नाव होतं 'पोतदारांची सून'. जाडजूड, पिवळं, पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला. गोष्ट सगुणा नावाच्या मुलीची. लग्न होऊन ती पोतदारांच्या मोठ्या घरात येते. नवरा वामनराव महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी परगण्याच्या गावी जातो. सासू मायाळू, जावा मायाळू, घरात दूधदुभतं. सगुणाला वाटतं, आपण नशीब काढलं. आणि तिसऱ्याच प्रकरणात लेखक सहज सांगून टाकतो की परगण्याच्या गावी वामनरावाचा दुसरा संसार आहे, बायको आहे, मुलगाही आहे. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकट्या सगुणाला नाही.

ते प्रकरण वाचून झालं तेव्हा गुणाबाई नाराज झाली. "हात्तिच्या. सगळं आत्ताच सांगून टाकलं की. आता पुढं काय राह्यलं ऐकायला?"

पण खरं राहिलं होतं ते पुढेच. चौथ्या प्रकरणात सासू सगुणाला स्वतःच्या हाताने वेणी घालते, आणि आमच्या खोलीतल्या बायकांचे हात हळू पडले. तीच वेणी तिसऱ्या प्रकरणाच्या आधी वाचली असती तर कुणी लक्षही दिलं नसतं. पुढे बाजाराच्या दिवशी सगुणा म्हणते, मी येते बाजाराला. सासू म्हणते, उन्हाची कशाला जातेस, बाळ, बस घरी. आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाजारात परगण्याची माणसं येतात ना! घरात भागीरथी नावाची म्हातारी कामवाली आहे. एकदा विहिरीवर ती सगुणाचा हात धरते, म्हणते, "सूनबाई, एक बोलायचं होतं..." आणि तेवढ्यात वरून जाऊ हाक मारते. घागर भरते, सगुणा निघून जाते, प्रकरण संपतं.

"यव्वा!" कुणीतरी ओरडलं. "थांब की दोन मिनटं, भवाने!"

आत्याबाईंनी पुस्तक मिटलं. रोज दोनच प्रकरणं, हा त्यांचा नियम. बायका घरी गेल्यावर रात्री भाकरी खाताना त्या मला म्हणाल्या, "बघ दामिनी, ह्या माणसानं काय केलं. भ्या तिला न्हाई, ती आपली हसून राहिली. भ्या आपल्याला. आपल्याला ठाऊक हाय आणि तिला न्हाई, म्हणून जीव टांगणीला." मग हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. मला वाटलं, गोष्टीचाच विचार करतायत.

लाटायला येणाऱ्यांत सगळ्यात लहान होती उज्वला. आई-वडील लहानपणीच गेले. मामा राजशेखर यांनी वाढवलं. राजशेखरमामांचं कापडाचं दुकान माझ्या सासऱ्यांच्या दुकानाला लागूनच. दोघांची जुनी दोस्ती. उज्वला बारावी चांगल्या मार्कांनी झाली होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. मामांनीच तिला सायबर कॅफेत नेऊन नांदेडच्या एका नर्सिंग कॉलेजचा अर्ज भरून दिला होता. ओटीपी येणार म्हणून नंबरही मामांचाच दिला. त्यानंतर महिन्याभराने चाकूरकडून स्थळ आलं. मुलगा संगमेश्वर, घरची बागायती शेती, शिवाय ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी. मुलगी पसंत पडली. तुळशीचं लग्न झालं की लग्न, असं ठरलं. आणि पाठोपाठ मामांनी उज्वलाला सांगितलं की यादीत तुझं नाव लागलं नाही.

ती दोन दिवस रडली. मग साखरपुड्याचं पातळ नेसली.

नाव लागलं होतं. कॉलेजचा फोन आला तेव्हा राजशेखरमामा आमच्याच दुकानात चहा पीत बसले होते. "कागदं घेऊन या", कुठल्या तारखेपर्यंत या, वगैरे फोनवरचं सगळं माझ्या सासऱ्यांनी ऐकलं. मामांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "वीरण्णा, हे तुझ्या पोटात ठेव. लग्न ठरलंय पोरीचं. उगं डोक्यात किडा नको." सासऱ्यांनी शब्द दिला, आणि त्याच रात्री आत्याबाईंना सांगितलं. कारण बायकोला सांगणं हे त्यांच्या मते सांगणं नसतंच. आत्याबाईंनी गुणाबाईला सांगितलं, "कुणाला बोलू नको" असं म्हणून. गुणाबाईने तसंच म्हणून दुसऱ्या बाईला. आठवड्याभरात पापडाच्या खोलीत उज्वला सोडून सगळ्यांना कळलं होतं. मलाही.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. "मुलगा चांगला हाय, सोन्यासारखं घर मिळून राहिलं, कशाला पोरीला तळमळ?" असं सगळ्या म्हणायच्या. उलट सगळ्यांना तिची माया आली होती. कुणी तिच्यासाठी धपाटे आणायचं, कुणी शेंगदाण्याचा लाडू. ती खोलीत आली की चाललेलं बोलणं एकदम बंद पडायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "ये गं बाई, बस इथं, पंख्याखाली." ती बिचारी म्हणायची, "लग्न ठरलं की लई भाव येतो वाटतं माणसाला," आणि हसायची.

इकडे सगुणाची गोष्ट चढत चालली होती. सगुणा बहिणीच्या बाळासाठी झबलं शिवते आणि सासूचा चेहरा पांढराफटक पडतो. सगुणा विचारते, "सासूबाई, बरं नाही का?" सासू म्हणते, "काही नाही गं, उन्हाचं असेल." एकदा वामनराव झोपेत कुणाचं तरी नाव घेतो. सगुणा सकाळी विचारते, तो म्हणतो, आमच्या म्हशीचं नाव. त्या दिवशी खोलीत इतका हशा झाला की लाट्या कोरड्या पडल्या, आणि तरी हसता हसता प्रत्येकीला बारीकशी भीती वाटतच होती. दार उघडायला यायचं आणि अर्ध्यावर थांबायचं, असं तो लेखक पुन्हा पुन्हा करत होता. बायका आता तासभर लवकर यायला लागल्या. पापडही जास्त होऊ लागले.

मग ते दारातल्या मुलाचं प्रकरण आलं. भर दुपारी घरातले सगळे झोपलेले. एक चार-पाच वर्षांचा मुलगा दारात उभा. सगुणा त्याला पाणी देते, लाडू देते. मुलाची हनुवटी तिला कुठेतरी बघितल्यासारखी वाटते. ती खाली बसून विचारते, "बाळ, कुणाचा तू?" मुलगा लाडू खाली ठेवतो आणि तोंड उघडतो.

प्रकरण संपलं.

खोलीत गदारोळ झाला. आत्याबाईंचा नियम त्या दिवशी मोडला. पुढचं प्रकरण वाचावंच लागलं. पण लेखक वस्ताद. मुलगा बोलायच्या आत भागीरथी येते, "हा माझा नातू," म्हणून त्याला ओढत घेऊन जाते. आणि माजघरातून सासू, दोन्ही जावा हे बघत असतात. तिघी जागच्या हलत नाहीत. मग धाकटी जाऊ येते आणि सगुणाला म्हणते, "चल, तुझ्या हाताला मेंदी लावते."

तेव्हा उज्वलाने हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं.

"किती वंगाळ बाया हायत ह्या!" तिचा आवाज चढला होता. "त्यो नवरा तर हायच तसला. पण ह्या? रोज तिच्याशी गोड बोलायचं, मेंदी लावायची, वेणी घालायची, आणि एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन बसायचं? सगळ्या घराला ठाऊक आणि जिचं हाय तिलाच न्हाई! अहो कुणीतरी सांगा की तिला!"

सगळी लाटणी थांबली. गुणाबाई, जिला कधी शब्द कमी पडत नाही, ती खाली बघून एकच लाटी बोटांनी दाबत राहिली. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचं बोट ओळीवर होतं, पण डोळे ओळीवर नव्हते.

"काय झालं?" उज्वलाने विचारलं. "चुकीचं बोलले का मी?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "घसा दुखून राहिला. आज बस." त्या उठल्या. "उज्वला, चल, गच्चीवरचे पापड उलटायचे हायत. दामिनी, तूबी ये."

गच्चीवर धोतरं आणि जुन्या साड्या अंथरून पापड वाळत घातले होते. उज्वला वाकून एकेक पापड उलटायला लागली. आत्याबाई सावलीत बसल्या नाहीत. उन्हातच तिच्यासमोर उभ्या राहिल्या, प्लास्टरचा हात छातीशी धरून.

"उज्वला, यादीत तुझं नाव लागलं व्हतं," त्या म्हणाल्या. "कॉलेजाचा फोन आला व्हता तुझ्या मामाला."

एवढंच. काही प्रस्तावना नाही.

उज्वलाने दोन-तीन पापड आणखी उलटले. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"ज्या दिशी फोन आला, त्याच दिशी."

"खाली सगळ्यांना माहीत हाय?"

"हाव."

"गुणाबाईंनी काल मला लाडू दिला," ती म्हणाली, "त्यो ह्याच्यासाठीच दिला?"

उज्वला तिथेच साडीच्या काठावर बसली, तिच्या गुडघ्याखाली चार पापड मोडले. आत्याबाई तिच्याशेजारी बसल्या आणि डाव्या हाताने तिची पाठ चोळत राहिल्या. "रागाव माझ्यावर," त्या म्हणत होत्या. "शिव्या दे. पण आधी उठ. फोनवर सांगितलेली तारीख अजून गेली न्हाई. उद्या, परवा, एवढंच हाय हातात. तुला जायचं का न्हाई ते तू ठरव. लग्न कर, न्हाईतर शिक, न्हाईतर दोन्ही कर. पण ठाऊक असून ठरव."

मोडलेले पापड तिने एकावर एक रचले. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "मला जायचंय."

संध्याकाळी राजशेखरमामा आले ते दारातूनच बोलत आले. उज्वलाने घरी जाऊन त्यांना विचारलं होतं. ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "वीरण्णा, तुला मी भाऊ समजत व्हतो. शब्द दिला व्हता तू मला."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ते आत्याबाईंकडे बघून एवढंच म्हणाले, "माझा शब्द व्हता."

"तुमचा व्हता, मी तोडला," आत्याबाई म्हणाल्या. "भावजी, बोला, माझ्याशी बोला. त्यांच्याशी नका."

"वैनी, लग्न मोडलं तर? कोण जबाबदार? पोरीला आई न्हाई, बाप न्हाई. उद्या लोक मला म्हणतील, भाचीचं वाटोळं केलं."

"पोराला विचारलं का तुम्ही?"

"काय विचारायचं?"

"हेच. की तिचं नाव लागलंय, ती दोन-तीन वर्षं शिकंल, तू थांबशील का?"

मामा चिडून म्हणाले, असं कुठे विचारतात का. तोपर्यंत उज्वला त्यांच्या मागून दारात येऊन उभी होती. तिने स्वतःच फोन काढला. मामा "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिने लावलाही, आणि स्पीकर सुरू केला. साखरपुड्यानंतर ती दोघं पाच-सहा वेळा बोलली असतील, तेही जेवलात का, झोपलात का, एवढंच.

तिने सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबली नाही. पलीकडे शोरूममध्ये कसला तरी खडखडाट चालला होता. तो जरा बाजूला आला असावा, कारण आवाज कमी झाला.

"पण मला तर असं सांगितलं," संगमेश्वर म्हणाला, "की तुम्हालाच आता शिकायचं न्हाई म्हणून."

मामांनी खाली बघितलं.

"मला शिकायचंय," उज्वला म्हणाली.

"मग जा की," तो म्हणाला. "मी घरी बोलतो. घरचे काय म्हणतील ते सांगता येत न्हाई. पण तुम्ही जा."

आम्ही सगळे त्या फोनकडे बघत राहिलो. इतके दिवस वाचून वाचून मी तर मनात संगमेश्वरचा वामनराव करून ठेवला होता. बिचाऱ्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

मामा निघून गेले. अडचण अशी होती की उज्वलाचे सगळे कागद त्यांच्या कपाटात. टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, सगळंच. आत्याबाई म्हणाल्या, "उद्या सकाळच्या बसनं निघायचं. कागदं मिळाली न्हाईत तर कॉलेजात जाऊन हात जोडू." सासरे आडवे पडले होते, पण झोपले नव्हते. त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "मोडक्या हातानं जाणार?" "हात मोडलाय, पाय न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. मी नांदेडला माझ्या भावाला, सत्यमला, फोन करून ठेवला की तिघी येतोय, स्टँडवर ये.

सकाळी उदगीरच्या स्टँडवर बस लागली होती. आम्ही चढलो. कंडक्टर दोरी ओढायच्या बेतात असताना खिडकीखाली राजशेखरमामा दिसले. दाढी न केलेले, अंगात कालचाच सदरा. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी ती खिडकीतून उज्वलाकडे दिली.

"फोटो आठ हायत," ते म्हणाले. "कमी पडले तर तिथं काढ."

"मामा, चला की तुम्ही," ती म्हणाली. ते मान हलवून मागे सरकले आणि बस निघेपर्यंत पाठमोरे उभे राहिले.

कॉलेजात गर्दी होती. शेवटची तारीख जवळ आली की असते तशी. कुणाचा दाखला राहिलेला, कुणाचा पालक आलेला नाही. आमच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पालक कोण? आत्याबाईंनी मामांना फोन लावून तो सरळ बाईंच्या हातात दिला. मामांनी पलीकडून काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, पण बाई म्हणाल्या, "ठीक आहे, त्यांची सही नंतर आणून द्या." संध्याकाळी उशिरा पावती हातात पडली. सत्यम आम्हाला घरी घेऊन गेला. माझ्या आईने पिठलं-भाकरी केली होती. उज्वला जेवता जेवताच भिंतीला टेकून झोपली.

चाकूरच्या मंडळींनी आठवड्याभरात सोयरीक मोडली. संगमेश्वर बोलला होता, पण वडीलधाऱ्यांना दोन-तीन वर्षं थांबायचं नव्हतं. त्याने उज्वलाला फोन करून स्वतः सांगितलं, माफीही मागितली. तो तिला आवडू लागला होता, ते तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं.

दिवाळीनंतर उज्वला होस्टेलला गेली. पापडाच्या खोलीत कादंबरी अर्धी राहिली होती आणि पुढे वाचायला कुणी म्हणेना. शेवटी गुणाबाईच म्हणाली, "अक्का, तिला बाहेर ठेवून आता काही ऐकायचं न्हाई. फोन लावा." मग पापडांचे दिवस संपले होते तरी बायका संध्याकाळी जमायच्या, आणि होस्टेलमधल्या उज्वलाला फोन लावून, तो पोळपाटावर उभा करून, आत्याबाई वाचायच्या. पलीकडून उज्वला आणि तिच्या खोलीतल्या दोन मुली ऐकायच्या. शेवटून तिसऱ्या प्रकरणात भागीरथी सगुणाला सगळं सांगते. आम्हाला वाटलं होतं सगुणा कोसळेल. पण ती म्हणते, "मला कळत होतं, भागीरथी. काय ते कळत नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळत होतं. तुम्ही सगळ्या फार गोड बोलत होतात." मग ती माहेरीही जात नाही आणि विहिरीवरही नाही, गाडी जुंपायला लावून परगण्याच्या गावी जाते, त्या दुसऱ्या बाईच्या ओसरीवर बसते, आणि दोघी वामनरावाची वाट बघतात. तो येतो, दोघींना एकत्र बघतो, तिथे कादंबरी संपते. गुणाबाईला हा शेवट अजिबात पटला नाही. त्याला झोडपायला पाहिजे होतं, असं तिचं आजही म्हणणं आहे.

राजशेखरमामा वर्षभर आमच्याकडे आले नाहीत. दोन दुकानं लागून, पण चहा वेगवेगळा. माझ्या सासऱ्यांना ते फार लागलं. आत्याबाईंना ते दिसत होतं. त्या सणाला मामांकडे ताट पाठवायच्या, ताट रिकामं धुऊन परत यायचं, निरोप काही नसायचा. उज्वला मात्र सुट्टीला आली की मामांकडेच उतरायची. मामा तिला स्टँडवर सोडायला जायचे, आणायला जायचे.

गेल्या फाल्गुनात कॉलेजात मुलींचा शपथेचा कार्यक्रम होता. पांढऱ्या कपड्यांत, हातात दिवे घेऊन मुली शपथ घेतात. उज्वलाने दोन्ही घरांना बोलावलं. योगायोग असा की एकाच बसला आम्ही दोघी आणि मामा. रिकामी जागा एकच होती, ती आत्याबाईंच्या शेजारची. मामा उभेच राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "भावजी, बसा. नांदेड लांब हाय." ते बसले.

मी मागच्या बाकावर होते. जळकोट मागे पडल्यावर मामा बोलले, समोर बघत.

"वैनी, मला भ्या वाटत व्हतं."

"कशाचं?"

"तिची आई गेली तेव्हा उज्वला एवढीशी व्हती. मला सारखं वाटायचं, मलाबी काही झालं तर? म्हणून लवकर कुणाच्या तरी हाती द्यावी. चांगला पोरगा सापडला आणि मला वाटलं, सुटलो." त्यांनी रुमालाने मान पुसली. "तिला यादीत नाव न्हाई असं सांगितलं, आणि ती रडून राहिली, तेव्हा मी दुकानात जाऊन बसलो. घरी बसवलं न्हाई मला."

आत्याबाई त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "हे तिला सांगितलं का कधी?"

"न्हाई."

"सांगा."

"आज?"

"आज नका. आज तिचा दिवस हाय. उद्या सांगा." मग पिशवीत हात घालून त्यांनी डबा काढला. "धपाटे खाता का? दामिनीनं केलेत, जरा तिखट झालेत."

मामांनी एक घेतला. दुसराही घेतला. नांदेड येईपर्यंत दोघं कापडाचे भाव, वीरण्णांची गुडघेदुखी आणि उदगीरच्या रस्त्याची कामं यांवर बोलत होते. बस स्टँडवर उतरल्यावर मामा खिशातून कंगवा काढून केस नीट करायला लागले, आणि त्यांनी मला विचारलं, "दामिनी, कॉलेजाकडं ऑटो कुठून मिळतो गं?"